फोरमन तात्या

निवृत्त झालेला माणूस देवाला लागतो, शेतीला लागतो, नाहीतर लेथला लागतो. हरसूलला तिन्हींची सोय आहे. तालुकाच त्र्यंबकेश्वर, म्हणजे देव घरचा. शेत बापजाद्यांचं, नागली-वरईचं. तरीही तात्यांनी लेथ निवडला.

फोरमन तात्या हे एकाच माणसाचं नाव नव्हे. नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत हयात घालवून गावी परतलेली ही एक जमातच आहे. शर्टाच्या खिशात सहा इंची स्टील पट्टी, ही तिची ओळख. तात्या कुणाकडे पाहुणे म्हणून गेले की आधी दाराची बिजागरी हलवून बघतात आणि मग ‘काय, बरं आहे ना?’ विचारतात. सोयरीक बघायला गेले तेव्हा मुलीच्या बापाला त्यांनी झोपाळ्याच्या कड्या किती झिजल्यात ते दाखवलं. बरोबरच्या माणसांनी मुलगी पाहिली, पसंत केली आणि तात्यांना झोपाळ्याखालून बाहेर काढलं.

लेथ आला तो अंबड लिंक रोडवरच्या भंगारातून. साडेचार फुटी, तोही गंजाने असा माखलेला की छोट्या हत्तीच्या ड्रायव्हरने ‘हे वजनावर घेतलं का?’ असं विचारलं. वजनावरच घेतलं होतं. तात्यांचं म्हणणं मात्र असं, की भंगारवाल्याला कळलंच नाही आपण काय विकतोय ते. लेथवरची नावाची पट्टी गायब. त्यामुळे कुळाचा शोध सुरू झाला. तात्या छातीठोकपणे सांगतात, माल किर्लोस्करांचा. लक्ष्मणरावांनी १९१० साली कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली इथपासून ते सुरुवात करतात, मग १९४१ साली हरिहरला निघालेल्या मैसूर किर्लोस्करपर्यंत येतात आणि ओतकामावर बोटांनी टकटक करून ‘आवाज ऐका’ म्हणतात. सातपूरहून भेटायला आलेल्या एका जुन्या फिटरने तोच आवाज ऐकला आणि ‘बटाला’ एवढंच म्हणाला. पंजाबातल्या बटाल्याचे लेथ देशभर चालतात, त्यात कमीपणा काही नाही. पण त्या फिटरला त्या दिवशी दुसरा चहा मिळाला नाही.

घर कौलारू, आणि इकडचा पाऊस जूनमध्ये बसला की उठायचं नाव घेत नाही. पहिल्या पावसाळ्यात घराची वाटणी अशी झाली: गळतं तिथे काकूंची भांडी, गळत नाही तिथे लेथ. गंज चढू नये म्हणून शेजाऱ्याने सुचवलं, आपल्याकडचं खुरासणीचं तेल लावा. ते तेल वाळलं की चिकट होतं. आठवड्याभरात हत्यार धरून सरकणारं कॅरेज जागच्या जागी असं बसलं, की हलवायला तीन माणसं लागली. रॉकेल मिळेनासं झालेलं, म्हणून डिझेलने सगळं पुन्हा धुतलं. त्या महिन्यात काकूंच्या भाकरीलाही डिझेलचा वास होता, असं तात्यांचे चिरंजीव सांगतात. काकू सांगत नाहीत. त्या नुसत्या बघतात.

मग कॅरेज ज्यावर सरकतं तो बेड. जुना लेथ घेणाऱ्याने काय पाहावं हे तात्यांकडून शिकावं, कारण रंग नवा मारता येतो, पण बेड लपत नाही. सगळं काम चकजवळ चालतं, म्हणून बेड तिथेच झिजतो आणि टेलस्टॉककडचा भाग कोरा राहतो. अशा लेथवर सरळ दांडा कातायला घ्यावा, तर तो एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक निघतो. यावर इलाज म्हणजे स्क्रेपिंग. सपाट पट्टीला निळा रंग लावायचा, बेडवर घासायची, उंचवट्यांवर निळे ठिपके उमटतात तेवढेच स्क्रेपरने खरवडायचे, आणि पुन्हा घासायची. तात्यांनी जुन्या कानशी पाजळून स्क्रेपर केले आणि सबंध हिवाळा खरवडण्यात घालवला. दहाही बोटं निळी. मतदानाला गेले तर केंद्रावरच्या बाई कुठल्या बोटाला शाई लावावी या विचारात पडल्या आणि आधी मत देऊन आलात का, असं त्यांनी दोनदा विचारलं.

घरात वीज सिंगल फेज, लेथची मोटर थ्री फेज. पिठाच्या गिरणीची जुनी सिंगल फेज मोटर बसवून हा प्रश्न सुटला. आता लेथ सुरू झाला की आळीतले दिवे मंदावतात आणि मालिका बघणाऱ्या बायका तात्यांना नावं ठेवतात.

खरं दुखणं पुढेच आहे. लीड स्क्रू इंचाचा, एका इंचात चार आटे. त्याच्यावर मिलिमीटरचे आटे काढायचे तर १२७ दातांचं गिअर लागतं. इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, त्याची पाचपट १२७. ही मूळसंख्या, म्हणून लहान गिअरं कशीही जोडली तरी हिशेब तंतोतंत बसत नाही. ६३ दातांवर जवळपास भागतं. पण ‘जवळपास’ हा शब्द तात्यांच्या घरात शिवीसारखा ऐकला जातो. तेव्हापासून लग्न असो, दशक्रिया असो, तात्या ज्या गावी जातात तिथलं भंगाराचं दुकान आधी गाठतात. परक्या माणसाच्या तेराव्याला हजर असलेले तात्या मी पाहिले आहेत. मयताला वर्कशॉप होतं.

एवढं होईपर्यंत गावाला वाटत होतं, आता कामं घरच्या घरी होतील. कुणी पंपाचा शाफ्ट आणला, कुणी मोटरसायकलचा बुश. तात्यांनी सगळे परत पाठवले. मशीन अजून तीन थाऊ टेपर देतं म्हणे. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. भाताच्या गिरणीवाला वैतागून म्हणाला, ‘तात्या, इमान तिकडं ओझरला बनतंय. आपली नुसती भाताची गिरणी आहे.’ तरी नाहीच.

माझं मत स्पष्ट आहे: लेथ पुरा दुरुस्त व्हावा असं तात्यांना वाटतच नाही. या छंदाचा हिशेब काढू नये. काढलाच तर तेवढ्या पैशांत बरा चालता लेथ आला असता. पण कंपनीत सीएनसी आल्यावर शेवटची काही वर्षं हा हाताचा कारागीर दिवसभर बटणं दाबत होता. त्याचं उट्टं ते घरी काढताहेत. दुरुस्ती संपली तर उरेल फक्त काम, आणि काम करून ते आधीच निवृत्त झालेत.

श्रावणात घाटात दरड आली, नाशिकची वाट बंद झाली आणि नेमका गिरणीचा बुश गेला. गिरणीवाला आला नाही, त्याची आई आली. ‘तात्या, घरात तांदूळ नाही,’ एवढंच म्हणाली. तात्यांनी बुश कातून दिला. तो बसला, गिरणी चालली, अजून चालते. तात्या मात्र दर दोन दिवसांनी गिरणीपाशी उभे राहून कान देतात आणि मान हलवतात. तीन थाऊ त्यांना ऐकू येतात.

तेव्हा वाचकांना विनंती. तुमच्या माळ्यावर, गोठ्यात, बंद पडलेल्या वर्कशॉपात १२७ दातांचं गिअर पडलेलं असेल तर हरसूलला पोचतं करा. मधलं भोक कितीही असू द्या, तात्या बुश टाकून घेतील. फक्त ते तात्यांच्याच हाती द्या, काकूंच्या नको. गावच्या बाजाराला भंगारवाला येतो, आणि काकूंची त्याच्याशी ओळख आहे.