संदर्भ द्या!

परवा आजीला माझं कॉलेजचं वेळापत्रक वाचून दाखवलं. एईसी, व्हीईसी, एसईसी, व्हीएससी, ओई, सीसी. ती मन लावून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "सगळं आहे, एसी तेवढा नाही."

वर्गात पंखाही नाही, हे तिला सांगितलं नाही.

नव्या शैक्षणिक धोरणाने विषयांना आद्याक्षरं दिली. शिकवणारे द्यायचे राहून गेले. सत्राला बावीस क्रेडिट. क्रेडिट म्हणजे नेमकं काय, हे तीन प्राध्यापकांना विचारून पाहिलं. तिघांचं उत्तर एकच, "नोटीस बोर्डवर लावलंय." अशी एकवाक्यता आमच्या स्टाफरूममध्ये सहसा आढळत नाही. बोर्डवर गेल्या वर्षीच्या गॅदरिंगचं पत्रक आहे.

पूर्वी एफवायनंतर कुणी घरी बसला, की चाळीत कुजबुज व्हायची, पोराने शिक्षण सोडलं. आता त्याला 'एक्झिट' म्हणतात. जादा चार क्रेडिट मिळवली, तर वर प्रमाणपत्रही मिळतं. म्हणजे कॉलेज सोडायचं तरी आधी अभ्यास करा!

आता प्राध्यापक. त्यांचे दोन प्रकार. एक कायम, दुसरे तासिका तत्त्वावर.

कायमवाले सर पडद्यावर पीपीटी लावतात आणि ती आम्हाला वाचून दाखवतात. आम्हालाही वाचता येतं, ही बातमी त्यांच्यापर्यंत अजून पोचलेली नाही. अर्थशास्त्राच्या एका स्लाइडवर नियोजन आयोग अजून पंचवार्षिक योजना आखतोय. २०१५च्या पहिल्या दिवसापासून तिथे नीती आयोग आहे. एकाने हात वर करून तसं सांगितलं. सर म्हणाले, "परीक्षेत हेच लिहा."

त्याने तेच लिहिलं. चांगले गुण पडले.

तासिकावाले सर सकाळी परळला, दुपारी आमच्याकडे आणि संध्याकाळी कल्याणच्याही पुढे कुठेतरी. पीएचडी आहेत, सेट आहेत, डबा लोकलमध्ये खातात. तास झाला तर पैसे, नाही झाला तर नाही. फेस्टसाठी लेक्चर रद्द झालं की आम्ही शिट्ट्या मारतो आणि ते मनात वजाबाकी करतात. त्याच सरांनी आम्हाला असंघटित कामगार हा धडा शिकवला. काय सुरेख शिकवला! उदाहरणासाठी लांब जावं लागलं नसणार.

आजोबा गिरणीत होते. त्यांना हा प्रकार समजावून सांगायला घेतला, तर अर्ध्यावर थांबवून म्हणाले, "म्हणजे बदलीवाला. सरळ सांग ना."

गिरण्या गेल्या, टॉवर आले. बदली कामगार पीएचडी झाला.

हजेरी पंचाहत्तर टक्के हवी. नाहीतर डिफॉल्टर लिस्ट, मग पालकांचं पत्र, मग 'यापुढे असं होणार नाही' असा अर्ज. त्या अर्जाचा छापील नमुना कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे दोन रुपयांत मिळतो. महत्त्वाचे प्रश्नही त्याच्याकडेच मिळतात. त्याची हजेरी मात्र शंभर टक्के.

उशिराची कारणं आम्ही वर्षानुवर्षं जपून वापरतो. बस चुकली, सिग्नल बिघडला, काका वारले (काका चार झाले, आता मामांकडे वळलोय). गेल्या वर्षी ९ मे रोजी आमच्या वरळीत भुयारी मेट्रो आली. स्टेशनला नाव आचार्य अत्र्यांचं, म्हणजे लंडनहून शिक्षकाची पदविका घेऊन आलेल्या माणसाचं. २६ मे रोजी त्या स्टेशनात पाणी शिरलं. आयुष्यात पहिल्यांदा आमचं उशिराचं कारण सगळ्या पेपरांत फोटोसकट छापून आलं.

आणि कॉलेजला उन्हाळ्याची सुट्टी!

वेळेबद्दल आम्हाला कुणी बोलावं? कायदा सांगतो, निकाल तीस दिवसांत लावा, फार तर पंचेचाळीस. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका कम्प्युटरच्या पडद्यावर तपासायचं ठरवलं. निकाल इतके रखडले, की राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत घालून दिली. तीही हुकली. ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंनाच घरी पाठवण्यात आलं. १८५७ साली स्थापन झालेल्या विद्यापीठात त्या वर्षी एक निकाल तरी स्पष्ट लागला.

बरं, निकाल लागला की पदवी. गेल्या वर्षीच्या दीक्षान्त समारंभानंतर जी प्रमाणपत्रं वाटली, त्यांच्या बोधचिन्हात 'मुंबई'च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक 'ए' जादा निघाला. एका 'ए'साठी आम्ही तीन वर्षं घाम गाळतो. विद्यापीठाने तो फुकट वाटला, वर बदलून देतो म्हणून परतही मागितला.

हे सगळं ठीक. माझं खरं दुखणं फील्ड प्रोजेक्टचं आहे.

विषय मॅडमनीच दिला, 'वरळीतील बीडीडी चाळी : एक समाजशास्त्रीय अभ्यास'. मी आतल्या आत नाचलो. माझा जन्म बीडीडीतला. शाळेची बहुतेक वर्षं तिथे, मग संक्रमण शिबिर, आणि गेल्या ऑगस्टमध्ये नव्या टॉवरमधल्या ५५६ घरांच्या चाव्या वाटल्या, त्यांत एक आमची. म्हटलं, फील्डवर जायचीसुद्धा गरज नाही. फील्डच घरी जेवायला येतं.

मी लिहिलं, तळमजला अधिक तीन मजले. मजल्यावर वीस खोल्या. खोली १६० चौरस फुटांची. संडास मजल्याच्या टोकाला, सामाईक. सकाळी रांगेत बादली ठेवून माणूस दात घासायला जायचा. बादली हाच नंबर. बादली पुढे सरकवली म्हणून दोन घरांत सहा वर्षं अबोला होता, आणि त्यातल्या एकाच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा जेवणाच्या पंगतीत दुसरा वाढायला उभा होता.

मॅडमनी लाल पेन उघडलं. "१६० चौरस फूट. संदर्भ?"

"मोजलीय मॅडम."

"कोणी?"

"बाबांनी. पोटमाळा घालायच्या वेळी."

"बाबांचं कुठे काही प्रकाशित आहे?"

बाबांचं बेस्टच्या पासावर नाव आहे. तेवढंच.

बादलीच्या परिच्छेदावर आडवी रेघ. ऐकीव माहिती चालत नाही. वास्तविक ती पाहिलेली होती, आणि बादली आमचीच होती. मी वाद घातला नाही. इंटर्नलचे गुण त्यांच्या हातात असतात.

मग काय, गेलो वाचनालयात. जुन्या पेपरात बातमी सापडली. खोल्या १६० चौरस फुटांच्या, वरळीत अशा १२१ इमारती, बांधल्या १९२०च्या दशकात, ब्रिटिशांच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने. तळटीप टाकली. मॅडम खूश. "आता कसं शास्त्रीय वाटतंय!"

बातमीसोबत गॅलरीत उभ्या असलेल्या एका रहिवाशाचा फोटो होता. वार्ताहराने सगळी माहिती ज्याच्याकडून घेतली तो.

बाबा.

पुढे प्रश्नावल्या. तीस रहिवाशांकडून भरून आणा, असा नियम. आईने तीन रंगांच्या पेनांनी दुपारच्या मालिकेच्या ब्रेकमध्ये सगळ्या उरकल्या. निष्कर्ष निघाला, की त्र्याण्णव टक्के रहिवासी नव्या घराबाबत समाधानी आहेत. उरलेले सात टक्के बहुधा मालिका सुरू झाल्यावर भरले.

या तीस फॉर्मना मात्र कुणी संदर्भ विचारला नाही.

शेवटी वाङ्मयचौर्याची तपासणी. आमचं प्रोजेक्ट यंत्रात घातलं, तर सर्वांत जास्त चोरी ऋणनिर्देशात निघाली. 'ज्यांच्या अमूल्य मार्गदर्शनाशिवाय' हे वाक्य वर्गातल्या प्रत्येकाचं सारखंच होतं. त्यावर मॅडम काही बोलल्या नाहीत. मार्गदर्शन त्यांचंच होतं.

गुण परवा लागले. वीसपैकी चौदा. सहा कुठे गेले म्हणून विचारायला गेलो. मॅडम म्हणाल्या, "लिखाण ठीक आहे रे, पण फोटो कमी आहेत. जाऊन तुमच्या जुन्या इमारतीचे चार-पाच काढून आण, बघते वाढवता आले तर."

ती इमारत पाडून चार वर्षं झाली, हे मी त्यांना सांगितलं नाही. संदर्भ मागितला असता.