शेवट कुणी सांगायचा नाही

कारेगावात रहस्यपट कळणारा माणूस एकच, आणि तो म्हणजे मी, असं मी बरीच वर्षं मानत आलो. माझी शिकवणी झाली बाबूराव अर्नाळकरांकडं. त्यांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यातल्या ज्या फिरत फिरत माझ्या हाताला लागल्या, त्यांची शेवटची चार पानं हमखास फाटलेली असायची. त्यामुळं खुनी कोण ते आपणच ठरवायची सवय लागली. पडताळायला पान नसल्यानं माझं उत्तर कधी चुकलंही नाही. अशानं माणसाचा आत्मविश्वास कुठल्या कुठं जातो.

अशात ‘पाठलाग’ची व्हीसीडी मिळाली. राजा परांजप्यांचा, 1964 चा. काशिनाथ घाणेकर आणि भावना. ‘मेरा साया’ बघितलेल्यांना गोष्ट सांगायला नको. एका बड्या माणसाची बायको वारते, आणि पुढं पोलिसांनी पकडलेली एक बाई कोर्टात उभी राहून म्हणते, मीच यांची बायको. दिसायला हुबेहूब तीच. जयंत देवकुळ्यांच्या ‘आशा परत येते’ कादंबरीवरून हा आधी मराठीत झाला, आणि मग 1966 ला राज खोसलांनी साधनाला घेऊन हिंदीत केला. आधी आपला, मग त्यांचा! हे मी आमच्या रूमवरच्या पोरांना इतक्यांदा ऐकवलंय की हल्ली ती भाडं दारातनंच देऊन पळतात.

(रांजणगाव एमआयडीसी आली तशी गावात ज्याच्याकडं दोन गुंठे होते त्यानं रूमा काढल्या. आम्हीही काढल्या.)

व्हीसीडी ओरिजनल होती, हे सांगितलंच पाहिजे. 2007 ला मोझर बेअरनं 28 रुपयांत शीडी विकायला काढली, तोवर आमच्याकडं हायवेच्या कडेला चादरीवर मांडलेल्या चोरट्या शीड्यांचंच राज्य होतं. त्यात हिरॉइनपेक्षा पुढच्या रांगेतल्या माणसाचं डोकं जास्त दिसायचं. मी मात्र कव्हर असलेली आणली आणि ते कव्हर टीव्हीवर असं उभं केलं, की आल्यागेल्याला दिसावं.

खेळ रविवारी रात्री ठेवला. हिचकॉकनं ‘सायको’च्या वेळी म्हणे नियमच केला होता, की सिनेमा सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचं नाही. मीही तो लागू केला. पहिल्या दहा मिनिटांत दूधवाला आला, चुलता आला, शेजारची काकू विरजण मागायला आली आणि बसलीच. प्रत्येकानं आल्या आल्या विचारलं, “ही कोण?” आता, ही कोण, हेच तर सगळं रहस्य! मी म्हणालो, तेच बघायचंय. काकू म्हणाली, “तुलाच म्हाईत नाही, तर दावतो कशाला?”

खरा धोका वेगळाच होता. आमच्या चार नंबरच्या रूममध्ये एक पोरगा होता, थेट बरेलीचा. ‘मेरा साया’तल्या ज्या गाण्यानं बरेलीचा बाजार देशभर पोचवला, ते त्यांच्याकडं लग्नात वाजल्याशिवाय नवरदेव घोड्यावरनं उतरत नसावा. कोर्ट आलं तसा तो उठून उभाच राहिला. “अरे मालिक, ये तो वही है! इसमें ना वो दूसरी...” मी इतक्या जोरात खोकलो की आईनं पाण्याचा तांब्या पुढं केला. त्याला बाजूला घेऊन ह्या महिन्याचं लाइटबिल माफ केलं. मौनव्रताची एवढी किंमत कुणी दिली नसेल.

आणि लाइटबिलाचं नाव काढलं, तोच लाइट गेली.

आता ह्या विषयावर मी बोलायला लागलो की घरचे उठून जातात, पण वाचकांना तशी सोय नाही. भारनियमनाचं वेळापत्रक पेपरात छापून यायचं आणि लाइट त्याच्याकडं ढुंकूनही बघायची नाही. गावठाणाचा फीडर वेगळा, शेतीचा वेगळा, कारखान्यांचा एक्स्प्रेस फीडर त्याहून वेगळा. जातीपाती काय माणसातच असतात? शेतीची थ्री फेज मध्यरात्री यायची. म्हणजे बिबट्यानं आणि शेतकऱ्यानं एकाच वेळी उसात हिंडायचं. तिकडं पुण्यानं 2006 ला तोडगा काढला. कारखान्यांनी आपली जनित्रं चालवायची, गिऱ्हाइकानं थोडा जादा दर द्यायचा, आणि शहराची लाइट जायची नाही. आमच्यापासून पन्नासेक किलोमीटरवर माणसं अख्खा सिनेमा एका बैठकीत बघत होती! इकडं लाइट परत आली की आमचा प्लेअर सगळं विसरून गेलेला. पुन्हा पहिल्यापासून, कॉपीराइटच्या तंबीसकट. मग रिमोटनं पुढं पळवायचं. पळवताना चित्राचे चौकोन चौकोन व्हायचे आणि हटकून चार सीन पुढं जाऊन थांबायचं. म्हणजे बाई आत्ता कुठं आरोप नाकारत्येय, आणि आम्ही तिचं पुढचं रडणं आधीच बघून बसलेलो. हिचकॉकला विचारावं वाटतं, बाबा, तू कारेगावात येऊन एक सिनेमा दाखवून दाखव.

पण त्या रात्री गंमत वाटली नाही. सगळे ओट्यावर येऊन बसलो, तर समोर एमआयडीसीचा उजेड. त्या उजेडाखाली आमचं बाजरीचं वावर होतं. तिथं आता शेड आहे आणि तिच्यातला एक बल्ब कधी विझलेला मी बघितला नाही. जमीन आमची गेली, मोबदलाही मिळाला, त्याबद्दल तक्रार नाही. पण ज्याच्या अंगणापलीकडं एवढा झगमगाट, त्यानं मेणबत्ती शोधत चाचपडायचं, ह्याचा राग यायचा तो येतोच.

“अब क्या होगा?” परभणीच्या पोरानं विचारलं. अंधारात तो हिंदीतनंच बोलतो. बरेलीवाला घुसमटत होता.

“थांबा, मी सांगते,” आई म्हणाली.

आता आईच्या आणि ‘पाठलाग’च्या नात्याबद्दल सांगायला हवं. सिनेमा लागला तेव्हा माझे वडील, नाना, भुसार माल घेऊन पुण्याला भवानी पेठेत गेले होते आणि संध्याकाळी थेटरात घुसले. घरी येऊन नव्या नवरीला त्यांनी कोर्टापर्यंतची गोष्ट रंगवून सांगितली आणि म्हणाले, शेवट पडद्यावरच बघायचा असतो, तुला नेतो. नेणं राहून गेलं. आधी दुष्काळ, मग आम्ही पोरं, मग म्हशी. नाना गेले, पण शेवट फोडला नाही. मी हे पोरांना अभिमानानं सांगायचो: असा असतो जातिवंत रसिक!

तर आई अंधारात बोलायला लागली. एवढ्या वर्षांत तिनं स्वतःच शेवट करून ठेवले होते. भांडी घासताना एक, खुरपताना दुसरा. एका शेवटात ती बाई खोटी निघायची. दुसऱ्यात खरी. तिसरा तिला जास्त पटलेला. त्यात बाई खरी निघते, खटला जिंकते, आणि नवरा हात पुढं करतो तेव्हा म्हणते, मी येत नाही. “ज्याला आपली बायको वळखू येत नाही, कोर्टाला इचारावं लागतं, त्याच्या घरी पुन्यांदा भाकऱ्या बडवाय जायचं व्हय?”

ओटा गप्प. काकू म्हणाली, “बरोबर हाय.”

“पण नानांनी शेवट सांगितला नाही तो नाहीच,” मी म्हणालो. कुणीतरी रसिकतेची बाजू घ्यायला हवी होती.

आई हसली. “आरं, त्यांना ठाव असता तर सांगितला नसता व्हय? तुझ्या बापाच्या पोटात कायतरी ऱ्हायलंय का कधी? माझ्या भावाचं लगीन ठरलंय हे त्यांनी माझ्या भावाच्या आधी गावाला सांगितलं. शेवटच्या यष्टीसाठी मधनंच उठून आलं असतील. मी काय इचारलं नाही. इचारून कशाला लाजवायचं?”

चाळीस-बेचाळीस वर्षं ती हे पोटात ठेवून होती. नाना दर दिवाळीला म्हणायचे, शेवट असा आहे की तू थक्क होशील, आणि ती म्हणायची, असेल की. अर्नाळकर वाचून मी काय शिकलो, देव जाणे. आणि फाटक्या पानांवर मिशीला पीळ देण्याचा आमचा वारसा कुठून आला, त्याचाही उलगडा फुकटात झाला.

लाइट आली. दुसरी तबकडी लावली. शेवट झाला तेव्हा सगळे पडद्याकडं न बघता आईकडं बघत होते. तिनं पदरानं चष्मा पुसला आणि म्हणाली, “चांगलाय. घाणेकर दिसतोय पण ब्येस. शेवट माझाच बरा.”

पुढल्या रविवारी पोरांनी ‘वो कौन थी?’ आणला. मध्येच बंद करून “मौसी, अब आप बताओ” असा खेळ त्यांनी ठरवला होता. लाइट जायची वाट बघायला नको म्हणून वर्गणी काढून जुना इन्व्हर्टरही आणला. मला विचारलं नाही. मी आपणहून म्हणालो, खोसलांच्या शैलीबद्दल सुरुवातीला दोन शब्द बोलतो. बरेलीवाल्यानं डिस्टिल्ड वॉटरचा कॅन माझ्या हातात दिला आणि म्हणाला, मालिक, आप ज़रा बैटरी का पानी देख लो.