पितृपंधरवड्यातली गाडी

२०२५च्या पितृपंधरवड्यात मोटारीच्या शोरूममध्ये पाऊल ठेवणारा माणूस एक तर नास्तिक असावा किंवा माझ्या आत्याचा भाचा. आत्या ट्रेझरीतून निवृत्त झाली, पण ट्रेझरी काही तिच्यातून निवृत्त झालेली नाही. तिचं म्हणणं साधं होतं : ‘‘भाव पंधरवड्यात ठरवायचा, गाडी दसऱ्याला आणायची. पितरांना काय, घासाघीस चालते.’’

त्या वर्षी पितरांच्या जोडीला सरकारही होतं. छोट्या गाड्यांवरचा जीएसटी कमी होणार हे ३ सप्टेंबरला जाहीर झालं आणि लागू व्हायचं होतं २२ तारखेपासून, म्हणजे नेमकं घटस्थापनेला. त्यामुळे शोरूममध्ये आम्ही दोघं, सहा सेल्समन आणि एक कॉफीचं मशीन.

‘‘सर, तुमच्यासाठी म्हणून ७३ हजार कमी करतो,’’ आमच्या वाट्याला आलेला मुलगा हळूच म्हणाला. भिंतीलाही ऐकू जाऊ नये असा आवाज. मी जवळजवळ भारावलो.

‘‘ते निर्मलाबाईंनी कमी केले,’’ आत्या म्हणाली. ‘‘तू किती करतोस ते सांग.’’

हिशेब तिनं घरूनच करून आणला होता. आमच्या खालच्या मजल्यावरचे काका २९ टक्क्यांचे १८ झाले म्हणजे किंमत ११ टक्क्यांनी उतरणार, असं सोसायटीभर सांगत फिरत होते. आत्यानं त्यांना जिन्यातच गाठलं होतं : १२९ची वस्तू ११८ला, म्हणजे साडेआठ टक्के. ८ लाख ६० हजारांवर ७३ हजार. काका तेव्हापासून लिफ्टनं जातात.

मुलगा ‘‘मॅनेजर सरांशी बोलून बघतो’’ म्हणून काचेच्या केबिनमागे गेला. या मॅनेजरांचं दर्शन आम्हाला शेवटपर्यंत घडलं नाही. ते कडक होते, त्यांचं ‘वरून अप्रूव्हल’ येत नव्हतं आणि ते दर वेळी दोन हजारांनीच विरघळत. आठ हजारांपर्यंत विरघळले आणि मग गोठले.

मग विमा. एक्स-शोरूम किंमत छापील, आरटीओचा कर ठरलेला. तेव्हा कोटेशनमध्ये खरी करमणूक असते ती विम्याच्या ओळीत. तिथे ४१ हजार होते. आत्याकडे बाहेरचं कोटेशन होतं, तेवढ्याच कव्हरचं, २९ हजारांचं.

‘‘काकू, बाहेरून घेतलात तर क्लेमच्या वेळी कॅशलेस होणार नाही.’’

‘‘असं? मग हे लेटरहेडवर लिहून दे. शिक्का मारून.’’

मुलगा केबिनमागे गेला. परत आला तेव्हा विमा ३१ हजारांचा झाला होता आणि कॅशलेसचा विषय वारला होता. (मला त्या मुलाची दया येत होती. मला नेहमीच समोरच्याची दया येते. म्हणून तर आत्याला नेतात.)

ॲक्सेसरीजच्या ‘एसेन्शियल किट’मधून मडफ्लॅप राहिले, बाकी गेलं. गाडी कुठल्या महिन्यात तयार झाली हे फॉर्म २२वर पाहिल्याशिवाय बाकीचे पैसे भरणार नाही, हेही आत्यानं सांगून टाकलं. गेल्या वर्षीचा गोदामातला माल हार घालून गळ्यात मारतात, अशी तिची खात्री आहे. आमची निघाली ऑगस्टची. आत्या किंचित हिरमुसली.

उरली एकच ओळ : ‘लॉजिस्टिक चार्जेस, ६,५००’. ती मात्र हलेना. सगळेच देतात, सिस्टीममधून येतं, मॅनेजर सरांच्याही हातात नाही.

दसऱ्याच्या दिवशी हार, पेढे आणि पुठ्ठ्याची भलीमोठी किल्ली घेऊन मुलगा उभा होता. शेवटचा चेक माझ्या खिशात होता. फोटो झाल्यावर तो आत्याजवळ येऊन अजिजीनं म्हणाला, ‘‘काकू, कंपनीतून फीडबॅकचा कॉल येईल. दहापैकी दहा द्या हं. नऊ दिलेत तरी माझा इन्सेंटिव्ह जातो.’’

आत्यानं पेढा तोंडात टाकला. सावकाश संपवला.

‘‘दहा द्यायला माझी काहीच हरकत नाही रे. पण त्या साडेसहा हजारांपाशी मी नऊवर अडतेय.’’

मुलानं इकडेतिकडे पाहिलं, खिशातून पेन काढलं आणि केबिनकडे न जाताच ती ओळ खोडली.