टोरांटोचं हवामानखातं, मुक्काम जबलपूर

गोलबाजारच्या दत्तमंदिरात गुरुवारची आरती आटोपली, की चपला शोधता शोधता काका बातमी फोडतात, "उद्या फ्रीझिंग रेन आहे हो!" नवखा माणूस दचकून वर बघतो. आभाळ स्वच्छ. जुनी मंडळी वर बघत नाहीत. काकांचा मुलगा टोरांटोत असतो, हे त्यांना ठाऊक आहे.

पोर परदेशी गेलं की आईबापांचं हवामानही तिकडे जातं. जबलपुरात असे काका गल्लीगणिक आहेत. मोबाइलवर दोन शहरांचं तापमान दिसतं; त्यातलं इथलं ते वाचतच नाहीत.

"बर्फ परवडला, झाडता तरी येतो," काका शिकवणी सुरू करतात. "हा पडतो पाऊस म्हणूनच. वर उबदार हवा, जमिनीलगत शून्याखालची. थेंब तारेला टेकला की तिथेच गोठला! फांद्या मोडतात, तारा तुटतात. डिसेंबर २०१३ मध्ये टोरांटोत तीन लाख घरं अंधारात होती." आवाजात काळजी असते, पण थोडा मालकीहक्कही. मुलाने दारात मीठ टाकलं का, याची चौकशी रोज होते. तो "टाकलं" म्हणतो. काकांना ते कॅमेऱ्यात बघायचं असतं.

इथल्या थंडीला मात्र त्यांच्या लेखी कवडीची किंमत नाही. पश्चिमी विक्षोभ पुढे सरकतो, आभाळ मोकळं होतं, उत्तरेचा वारा सुटतो आणि पारा पाच-सहावर येतो. शाळांच्या वेळा बदलतात. पाटण-शहापुऱ्याकडच्या शेतकऱ्यांना मटारावर पाला पडायची धास्ती. काका म्हणतात, "ही कसली थंडी!" हे उद्गार माकडटोपी, मफलर आणि दोन स्वेटरांच्या आतून येत असल्याने दोनदा विचारून घ्यावे लागतात.

"काए बड्डे, आज टोरंटो में कित्ता है?" चहावाला विचारतो.

"मायनस चौदा," काका अभिमानाने सांगतात आणि स्टूल सिगडीजवळ ओढतात.

रविवारी रात्री व्हिडिओ कॉल लागतो. तिकडे हीटिंगने तापलेल्या घरात चिरंजीव अर्ध्या बाह्यांच्या टीशर्टवर, हातात आइस्क्रीम. इकडे बैठकीत काका रजईत गुरफटलेले, नाकाचा शेंडा तेवढा बाहेर.

"बाबा, तिथे फार थंडी आहे का?"

"छे! तू आधी टोपी घाल."