फिरत्या घराची फुटपट्टी

निवृत्तीची तारीख ठरली, मुलं आपापल्या शहरांत मार्गी लागली, घराचं मॉर्गेज फिटलं, की अमेरिकेतल्या मराठी माणसाला दोन इच्छा होतात. पहिली पुण्यात फ्लॅट घ्यायची. ती बहुतेकांनी आधीच उरकलेली असते. दुसरी, मोटरहोम घेऊन वर्षभर अमेरिका पालथी घालायची. प्रस्तुत मार्गदर्शन दुसऱ्या इच्छेपुरतं आहे. पहिलीसाठी तुमचे मेव्हणे समर्थ आहेत.

पायरी पहिली : वर्ग ओळखा

मोटरहोमचे वर्ग तीन : ए, बी आणि सी. ए सगळ्यात मोठा, म्हणजे बी मधला आणि सी धाकटा, असं बाराखडी शिकलेला कुणीही समजेल. तसं नाही. धाकटा बी आणि मधला सी. हे असं का, ते डीलरला विचारू नका. तो सांगायला लागेल, आणि तोवर घरातलं कुणीतरी क्लास एच्या सोफ्यावर जाऊन बसेल. त्या सोफ्यावर कुणी बसलं की निवड संपली, उरतो तो फक्त हप्ता.

क्लास ए म्हणजे सरळ सरळ बस. पुढे भलीमोठी सपाट काच, लांबी साधारण २६ फुटांपासून ४५ फुटांपर्यंत. पेट्रोलवर चालणाऱ्या बहुतेक गाड्या फोर्डच्या एफ-५३ चासीवर बांधलेल्या असतात. डिझेलच्या मोठ्या गाड्यांचं इंजिन मागे असतं, त्यामुळे चालवणाऱ्याला आवाज कमी आणि अभिमान जास्त. मायलेज गॅलनला सात-आठ मैल, म्हणजे लिटरला तीन-साडेतीन किलोमीटर. एफ-५३ ची टाकी ८० गॅलनची असते. ती भरताना पंपावरच्या आकड्यांकडे न पाहता समोरची काच पुसत राहावं, असा अनुभवी लोकांचा प्रघात आहे. कॅलिफोर्नियात राहत असाल आणि गाडी ४० फुटांच्या पुढे गेली, तर वेगळा परवाना लागतो. साठी उलटल्यावर पुन्हा लेखी परीक्षा द्यायची हौस असेल तर अवश्य ४१ फुटी घ्या.

क्लास बी म्हणजे व्हॅन. मर्सिडीजची स्प्रिंटर, रॅमची प्रोमास्टर किंवा फोर्डची ट्रान्झिट घ्यायची आणि आत पलंग, शेगडी, बेसिन, कमोड एवढं कोंबायचं. लांबी १९ ते २४ फूट, मायलेज गॅलनला पंधरा ते वीस मैल, आणि किंमत ऐकल्यावर वाटतं, आपण मोठ्या गाडीचीच चौकशी केली की काय. फोटोंत ही सगळ्यात सुंदर दिसते : मागची दारं सताड उघडी, पलीकडे पॅसिफिक, पांघरुणातून दोन पावलं बाहेर. रोज सकाळी तोच पलंग घडी करून त्याचा सोफा करणारा माणूस फोटोत नसतो, कारण कॅमेरा त्याच्या हातात असतो. संडास आणि न्हाणी एकाच कप्प्यात, म्हणजे अंघोळ कमोडशेजारी उभं राहून किंवा त्यावर बसून. गिरगावच्या खोलीत मोरीला पडदा लावून अंघोळी उरकलेल्यांना यात नवल वाटणार नाही. त्यांच्या मुलांना वाटेल.

क्लास सी हा मधला. पुढे व्हॅनचं तोंड, मागे खोका, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर पुढे आलेला झोपायचा माळा. भाड्याने मिळणाऱ्या गाड्या बहुतेक याच वर्गातल्या. माळा नातवंडांसाठी, असं डीलर सांगतो. नातवंडं एक आठवडा येतात. उरलेलं वर्षभर तो माळा रिकामा दिसतो आणि रिकाम्या बिछान्याची बातमी मराठी समाजात फार लवकर पसरते. डॅलसला कुणाची तरी मावसबहीण असतेच, तिला यलोस्टोन बघायचं राहिलेलं असतं, आणि तिच्या मिस्टरांना घोरायची सवय असते.

पिकअप ट्रकच्या मागे ओढायची घरंही असतात. त्यांना मोटर नसते, म्हणून ती आपल्या विषयात येत नाहीत.

पायरी दुसरी : रुसायला जागा आहे का ते पाहा

पलंगाची रुंदी, फ्रिजचा आकार, टीव्ही कुठल्या भिंतीवर, हे सगळे विचारतात. पस्तीस वर्षांचा संसार झालेल्या जोडप्याने खरं तर एकच गोष्ट तपासावी : भांडण झालं तर जायचं कुठे? क्लास एमध्ये मागच्या खोलीला दार असतं आणि ते आपटता येतं. दार हलकं असल्यामुळे आवाज मनासारखा येत नाही, पण हेतू पोचतो. क्लास सीमध्ये एकाने माळ्यावर चढून भिंतीकडे तोंड करावं. गुडघे परवानगी देत असतील तर. क्लास बीमध्ये रुसायला फक्त अमेरिका उपलब्ध आहे. वायोमिंगमध्ये रात्री अकरा वाजता फणकाऱ्याने बाहेर पडलेला माणूस अस्वलांबद्दलची पाटी वाचून चार मिनिटांत परत येतो, असं म्हणतात. त्या अर्थाने क्लास बी संसाराला बरीच.

गाडी कॅम्पग्राउंडवर मागे घेण्याची वेळ हा या पायरीचा प्रात्यक्षिक भाग. एक जण चाकावर, दुसरा मागे उभा. मागे उभ्या माणसाने आरशात दिसेल असंच उभं राहायचं, हा नियम. प्रत्यक्षात तो गाडीच्या बरोब्बर मागे, जिथून तो कुणालाच दिसत नाही अशा जागी उभा राहून “येऊ द्या, येऊ द्या” म्हणत असतो.

“अहो, डावीकडे!”

“माझी डावी की तुझी?”

“झाडाची!”

एवढ्यात शेजारच्या जागेवरचे मिशिगनचे आजी-आजोबा घडीच्या खुर्च्या बाहेर मांडून बसलेले असतात. त्यांनी टीव्ही बंद केलेला असतो. मागच्या चाकांच्या पलीकडे गाडीचं जे शेपूट उरतं ते वळताना उलट्या बाजूला झेपावतं, हे ध्यानात ठेवा. पुढचं तोंड उजवीकडे वळलं की शेपूट डावीकडचा विजेचा खांब शोधायला निघतं. शेपूट जेवढं लांब तेवढा खांब जवळ.

पायरी तिसरी : फुटपट्टी

आता मुद्द्याचं. मोटरहोमची लांबी सामान ठरवतं, आणि रस्ते लांबी ठरवते. डबे मावत नाहीत म्हणून तुम्ही चार फूट वाढवता, आणि त्या चार फुटांनी एक डोंगर नकाशातून पुसला जातो. माँटॅनातल्या ग्लेशियर नॅशनल पार्कमध्ये गोइंग-टू-द-सन नावाचा रस्ता आहे. लोगन पासवरून जातो, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, डोळ्यांचं पारणं फिटावं असा. त्याच्या मधल्या डोंगरी टप्प्यात २१ फुटांहून लांब किंवा आरशांसकट ८ फुटांहून रुंद वाहनाला बंदी आहे. म्हणजे क्लास ए आणि बहुतेक सी बाद, आणि काही क्लास बीसुद्धा. ज्या रस्त्यासाठी अडीच हजार मैल आलात त्याच्या फाट्यावर उभं राहून तुम्हाला आठवेल की हे फूट घेतले होते ते भाजणी, पोळपाट आणि गव्हाच्या पिठाच्या पिशव्यांसाठी.

उंचीचंही तसंच. छतावरचा एसी धरून क्लास सी अकरा-बारा फूट उंच भरते, क्लास ए त्याहून जास्त. नॉर्थ कॅरोलिनात डरहॅम गावात १९४० सालचा एक रेल्वेपूल आहे, उंची ११ फूट ८ इंच. ट्रकांची आणि मोटरहोमांची छपरं सोलण्याबद्दल तो जगभर प्रसिद्ध झाला. समोरच्या इमारतीत काम करणाऱ्या एका गृहस्थाने कॅमेरा लावून ठेवल्यामुळे त्याची कीर्ती वाया गेली नाही. २०१९ मध्ये पूल आठ इंचांनी उचलला. छपरं त्यानंतरही सोलली जातात, फक्त थोड्या उंच गाड्यांची. तेव्हा गाडीची उंची एका चिठ्ठीवर लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवा. फुटांत लिहा. “बरीच उंच” असं लिहून भागत नाही.

यावर क्लास एवाले उपाय सांगतात : मागे छोटी गाडी बांधून न्या, मोटरहोम कॅम्पवर ठेवा आणि छोटीने हिंडा. उपाय चांगला आहे. चारही चाकं जमिनीवर ठेवून ओढता येईल अशी गाडी मात्र हवी, म्हणून या लोकांच्या मागे इतक्या जीप रँग्लर दिसतात. आणि एकदा ती बांधली की रिव्हर्स विसरायचं, कारण मागे घेतलं की जोडलेली गाडी मन मानेल तिकडे वळते. चुकून एखाद्या बंद गल्लीत शिरलात तर सगळं सोडून, गाड्या वेगळ्या करून, एकेक बाहेर काढावी लागते. त्या वेळी पायरी दुसरी पुन्हा वाचावी.

पायरी चौथी : वजन

गाडीत एक लेबल असतं. माणसं आणि सामान मिळून अमुक इतक्या पौंडांहून जास्त भरू नये, असं त्यावर लिहिलेलं असतं. हे लेबल कुणी वाचत नाही, कारण गाडी आतून रिकामी आणि प्रशस्त दिसत असते. फोर्ड ई-४५० वर बांधलेल्या क्लास सीची एकूण मर्यादा १४,५०० पौंड, पण त्यातलं बहुतेक वजन तिचं स्वतःचंच. पाणी गॅलनला सव्वाआठ पौंडांहून जास्त भरतं, म्हणजे ४० गॅलनची टाकी भरली की दीडशे किलो गेले. मग तुम्ही दोघं. मग मिक्सर, कुकर दोन आकारांचे, लोखंडी तवा, “असू दे, लागतो” म्हणून घेतलेला खलबत्ता, देव्हारा, आणि “एवढंसंच आहे” म्हणून शेवटच्या क्षणी आत आलेली लोणच्याची बरणी. रिकाम्या दिसणाऱ्या कपाटावर मराठी गृहस्थाश्रमाचा विश्वास नसतो. नवशिक्यांनी शक्य तितकी कमी कपाटं असलेली गाडी घ्यावी.

पायरी पाचवी : दोन टाक्या

बेसिन आणि अंघोळीचं पाणी ग्रे टँकमध्ये जातं. कमोडचं ब्लॅक टँकमध्ये. ही टाकी तुम्हालाच रिकामी करायची आहे. डीलरकडच्या तासाभराच्या फेरफटक्यात हा विषय शेवटच्या दोन मिनिटांत, दुसरीकडे बघत उरकला जातो.

कॅम्पग्राउंडवर ड्रेनेजची जोडणी मिळाली की नवशिक्याला वाटतं, आता व्हॉल्व्ह उघडाच ठेवू, आपोआप वाहून जाईल. पातळ तेवढं वाहून जातं. उरलेलं मागे थांबतं, सुकतं आणि कमोडच्या बरोब्बर खाली एक छोटा पिरॅमिड उभा राहतो. तो फोडायला माणूस बोलवावा लागतो, आणि तो तासाचे किती घेतो हे विचारण्याच्या मनःस्थितीत तुम्ही नसता. म्हणून ब्लॅकचा व्हॉल्व्ह बंद ठेवायचा, पाणी सढळ सोडायचं, आणि टाकी दोन-तृतीयांश भरली की एकदम सोडायची. आधी ब्लॅक, मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. उलट क्रमाने करणाऱ्यांचे शेजारी लवकर बदलतात. हातमोजे घाला. पाइपची जोडणी हाताने ओढून दोनदा तपासा. चपला घालून हे काम करू नका.

ज्या घराण्यांत हे काम पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्या कुणालातरी करायला लावलं गेलं, त्या घराण्यातला ज्येष्ठ पुरुष नेब्रास्कातल्या डंप स्टेशनवर पाइप धरून उभा असतो आणि मागे चार गाड्या रांगेत असतात. त्याच्या चेहऱ्यावर तेव्हा जे काही उमटतं, तेवढ्यासाठी तरी प्रत्येक कुटुंबाने ही गाडी एक आठवडा भाड्याने घ्यावी. विकत घ्यायची की नाही, ते त्यानंतर ठरवावं.

ग्रे टँकचा प्रश्न आपल्या लोकांना जास्त छळतो. क्लास बीत ही टाकी वीस-पंचवीस गॅलनची. तुपकट कढई, वरणाचं पातेलं, कुकरची तीन भांडी आणि सकाळची कपबशी एवढं खळखळून धुतलं, की ती संध्याकाळीच भरते. कागदाच्या प्लेटा वापरा. होय, वर्षभर.

पायरी सहावी : फोडणी

छताला धुराचा अलार्म, जमिनीलगत प्रोपेनचा. प्रोपेन हवेपेक्षा जड, तो खाली साचतो, म्हणून तो अलार्म घोट्याच्या उंचीवर असतो. धुराचा अलार्म मात्र मोहरी तडतडायच्या आत वाजतो. त्याची बॅटरी काढून ठेवणारे शूर लोक मला माहीत आहेत. त्यांच्या गाडीत झोपू नये. शेगडी बाहेर टेबलावर मांडून फोडणी करावी. हिंग गाद्यांत शिरला की गाडी विकताना गिऱ्हाईक दारातूनच परत जातं.

विजेचा हिशेबही इथेच करून टाकू. छोट्या गाड्यांना ३० अँपिअरची जोडणी, म्हणजे १२० व्होल्टला ३,६०० वॉट. एसी, मायक्रोवेव्ह आणि इन्स्टंट पॉट एकदम लावले की खटका पडतो. ऑगस्टमध्ये टेक्सासला गारवा हवा की गरम खिचडी, हे आधी ठरवा. क्लास एला बहुधा ५० अँपिअर मिळतात आणि त्यात १२,००० वॉट. तिथे दोन्ही होतं, पण तुम्ही गोइंग-टू-द-सनवर जाऊ शकत नाही.

पायरी सातवी : पत्ता

घर विकून कायमचेच निघणार असाल तर परवान्यावर, विम्यावर आणि करावर कुठला पत्ता घालायचा हा प्रश्न येतो. यावर साउथ डकोटा राज्याने फिरत्या लोकांची मोठी सोय केली आहे : टपाल घेऊन पुढे पाठवणाऱ्या एखाद्या कंपनीचा पत्ता घ्यायचा, राज्यात एक रात्र मुक्काम केल्याची पावती दाखवायची, आणि ड्रायव्हिंग लायसन्स हातात. राज्याचा आयकरही नाही. मुक्काम करा, पावती मागून घ्या, आणि ती डब्यांच्या कपाटात ठेवू नका, सापडणार नाही. फक्त महाराष्ट्र मंडळाच्या यादीत हा पत्ता देताना सांभाळून. तिकडे मराठी मंडळ काढायचं कुणाच्या तरी डोक्यात असेल, तर पहिले अध्यक्ष म्हणून तुम्हालाच फोन येईल.