देहाची आणेवारी

पिकाचे हाती आलेले उत्पन्न चांगल्या वर्षाच्या उत्पन्नाशी ताडून ते रुपयाला किती पैसे भरते हे ठरवण्याच्या महसुली पद्धतीला आणेवारी, आणि हल्ली कागदोपत्री पैसेवारी, असे म्हणतात. हा आकडा पन्नासच्या खाली घसरला की टंचाई मानली जाते, हे हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातील साखरा गावात सोयाबीन पेरणाऱ्या कोणासही समजावून सांगावे लागत नाही. मानवी देहातही असेच एक महसूल खाते असून, ते ना मोर्चाची वाट पाहते, ना पंचनाम्याची. जेवण निम्म्यावर आले, की ते परस्पर दुष्काळ जाहीर करून टाकते.

थोड्या दिवसांत पुष्कळ वजन उतरवण्यासाठी आहारात एकाएकी केलेली अतोनात कपात म्हणजे क्रॅश डाएट. दिवसाला आठशे कॅलरींहून, म्हणजे अन्नातून मिळणाऱ्या ऊर्जेच्या आठशे मापांहून, कमी असलेला आहार डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यावा असा वैद्यकाचा दंडक आहे. लग्नसराईत मात्र ही देखरेख मोबाइलकडे असते. कुंकवाचा कार्यक्रम उरकून बस्ता बांधायची तारीख निघाली, की शेरवानीचे माप आणि नवरदेवाचे पोट यांतील तफावत प्रथमच दप्तरी दाखल होते व ती मिटवण्यासाठी काकडी, लिंबूपाणी आणि डब्यातील भुकटी यांची योजना लागू होते. १९७२चा दुष्काळ ज्यांनी मिलो ज्वारी आणि दुष्काळी कामावरची सुकडी खाऊन काढला, त्या पिढीतील आज्यांना घरात तुरीची पोती थप्पीला असताना नातू उपाशी राहतो, आणि वर त्या उपाशी राहण्याचेच पैसे मोजतो, हा व्यवहार कोणत्याही अंगाने उमगत नाही. या बाबतीत देहशास्त्र निःसंशय आज्यांच्या बाजूचे आहे.

पहिल्या आठवड्यात काटा तीन किलोंनी खाली येतो आणि तसे स्टेटस लागते. यकृत व स्नायू यांत साठवलेल्या साखरेला ग्लायकोजेन म्हणतात व तिचा प्रत्येक ग्रॅम सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून असतो. हा साठा मोडताच पाणी निघून जाते, तेव्हा स्टेटसवर अभिनंदन होते ते मुख्यतः लघवीचे. त्यानंतर चरबीबरोबर स्नायूही झिजू लागतात, देह आपला खर्च आखडता घेतो, थंडी वाजते, नाडी मंदावते, आणि पुढे वरण-भाकरी पूर्ववत सुरू झाली तरी हा काटकसरीचा हुकूम लगेच मागे घेतला जात नाही, म्हणून गेलेले वजन पाहुण्यांसह परत येते.

अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी १९४४-४५ मध्ये ३६ तरुणांना चोवीस आठवडे दिवसाला सुमारे १५७० कॅलरींवर ठेवले, तेव्हा त्यांचे वजन जवळपास चतुर्थांशाने घटले, आणि त्यांतील कित्येक जण पाककृतींची पुस्तके तन्मयतेने वाचू लागले. युद्धोत्तर उपासमारीचा अभ्यास म्हणून आखलेल्या त्या प्रयोगातील ताट आजच्या लग्नाळू योजनेच्या जवळपास दुप्पट भरलेले होते, ही बाब योजना विकणारे सहसा छापत नाहीत. १९७०च्या दशकात अमेरिकेतच द्रवरूप प्रथिनांवर राहण्याची लाट आली व हृदयाची लय बिघडून अनेकांचे मृत्यू झाले. तेव्हा विनोदाची हद्द येथे संपते.

इतर उपद्रव उशिरा येतात, म्हणून निर्दोष सुटतात. वजन झपाट्याने उतरताना यकृत पित्तात अधिक कोलेस्टेरॉल सोडते, तेल-तूप बंद असल्याने पित्ताशय आकुंचन पावत नाही, आणि साचलेल्या पित्तात खडे धरतात. केसांचे तर वेळापत्रकच निराळे आहे: उपासमारीचा धक्का बसल्यावर ते दोन-तीन महिन्यांनी गळू लागतात, त्यामुळे फोटोत नवरीचा अंबाडा शाबूत दिसतो आणि आषाढात फणी भरू लागली की सगळे खापर सासरच्या बोअरच्या पाण्यावर फुटते. दीर्घ उपासानंतर एकदम पंगतीला बसणेही निर्धोक नाही. पेशी अन्नावर तुटून पडताना रक्तातील फॉस्फेट व पोटॅशियम हे क्षार ओढून घेतात आणि त्यांची पातळी कोसळल्यास हृदय अडचणीत येते, परंतु बुंदीचा आग्रह करणाऱ्या व्याह्यांना फॉस्फेटचे कारण सांगून पान झाकता येईल, असे मराठवाड्यात तरी संभवत नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या आहारविषयक सूचनांनुसार आठवड्याला अर्धा किलो उतरवणे सुरक्षित असून आहार दिवसाला हजार कॅलरींखाली नेऊ नये. या हिशेबाने दहा किलोंना वीस आठवडे लागतात, म्हणजे तुळशीच्या लग्नाला आरंभ केल्यास चैत्र उजाडतो; आणि स्थळ फाल्गुनात जमलेले असून मुलीकडच्यांनी तिथी पंधरा दिवसांवरची धरलेली असते.