काही करत नाही तो!

स्थळ सांगून येतं तेव्हा मुलीचं शिक्षण, पगार, पत्रिका, मंगळ सगळं कळतं. घरात बत्तीस किलोंचा लॅब्रॅडॉर आहे, ही माहिती मात्र कुठल्याच बायोडाटात नसते. ती कळते बेल वाजवल्यावर, दाराच्या आतून. अशा घरात जाऊन पडलेला, कुत्र्याला भिणारा जावई पुण्या-ठाण्याच्या सोसायट्यांत हल्ली सर्रास आढळतो.

पहिल्या भेटीतच तो ओळखू येतो. सोफ्याच्या अगदी कडेला, दोन्ही पाय जमिनीपासून वितभर वर. पोह्यांची बशी छातीशी. गुडघ्यावर त्या लॅब्रॅडॉरने, म्हणजे सिंबाने, हनुवटी टेकलेली आणि इस्त्रीच्या पँटवर लाळेचा रुपयाएवढा डाग हळूहळू पसरत चाललेला. जावईबापू पंख्याकडे बघत म्हणतात, "छान आहे हो." कोण, ते सांगत नाहीत. सासरे मोठ्या कौतुकाने म्हणतात, "काही करत नाही तो!" हे वाक्य तमाम कुत्रेवाल्यांना पाठ असतं. त्यात 'आजपर्यंत' हा शब्द गाळलेला आहे, असं जावईबापूंचं ठाम मत असतं.

या भीतीची मुळं लहानपणात. 'कुत्रा चावला की पोटात चौदा इंजेक्शनं' हे वाक्य ऐकत एक अख्खी पिढी वाढली. ती जुनी लस जाऊन बरीच वर्षं झाली. आताची सुई दंडात घेतात आणि तिचे डोसही चार-पाचच. पण जावईबापूंच्या बेंबीला हे अजून पटलेलं नाही. डोसाचे दिवस मात्र त्यांना तोंडपाठ: शून्य, तीन, सात, चौदा, अठ्ठावीस. स्वतःच्या लग्नाची तारीख विचारा, अडखळतील. चावा बसण्याआधीच घेऊन ठेवायचीही लस असते, हे कळल्यावर तर त्यांना परमानंद झाला. केळवणांच्या धामधुमीत त्यांनी ती गुपचूप टोचून घेतली. आता कपाटातल्या एकाच फायलीत दोन लसीकरण कार्डं आहेत. एक सिंबाचं, एक यांचं.

लग्न झालं. मुलीबरोबर पाठराखीण म्हणून सिंबा आला. पाठराखीण चार दिवसांनी परत जाते. हा राहिला. "मी नसले की जेवत नाही रे तो," एवढं एकच कारण. आपल्यावाचून कोणी जेवायचं थांबल्याचं उदाहरण नसल्यामुळे जावईबापूंना त्यावर बोलता आलं नाही.

मग घराचा नकाशा बदलतो. फरशीवर नखांची टकटक झाली की सिंबा कुठल्या खोलीतून कुठे निघालाय, हे जावईबापू डोळे मिटून सांगतात. रात्री नऊनंतर पाणी पीत नाहीत, कारण बाथरूमच्या पायपुसण्यावर सिंबाची वहिवाट आहे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये ते गाडीतच पाच मिनिटं बसून राहतात. शेजाऱ्यांना वाटतं, फोनवर बोलतायत.

बायको समजूत घालते. "अरे, न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांची ही जात. जाळ्यातून निसटलेले मासे हे आणून द्यायचे. पुढे इंग्लंडात शिकारीतले पक्षी आणून द्यायला लागले. तोंडात धरायचं, पण दात लावायचा नाही, हे यांच्या रक्तातच आहे." यातलं जावईबापूंच्या कानात राहतं ते 'तोंडात धरायचं' एवढंच. संध्याकाळी सिंबा त्यांची चप्पल अलगद उचलून त्यांच्यापुढे आणून ठेवतो. घरातून निघा म्हणून सांगतोय, असा अर्थ ते काढतात.

अभ्यास मात्र दांडगा. 2022 साली बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी लोकांना तोंडी वजाबाक्या करायला लावल्या. त्यांच्या घामाचे आणि श्वासाचे आधीचे आणि नंतरचे नमुने चार कुत्र्यांना हुंगायला दिले, आणि नव्वद टक्क्यांहून जास्त वेळा कुत्र्यांनी ताणाचा वास बरोबर ओळखला. हे वाचल्यापासून जावईबापू घरात शिरताना अत्तर मारतात. सिंबा दोनदा शिंकतो आणि मागोमाग येतो.

धार्मिक आधारही शोधून झाला. दर गुरुवारी दत्ताच्या देवळात जातात. पायाशी चार कुत्रे आहेत, पण तसबिरीतले, जागचे न हलणारे. त्यांना ते मनोभावे हात जोडतात. स्वर्गाच्या दारातही कुत्र्याला न सोडणाऱ्या धर्मराजाबद्दल त्यांना आदर आहे. त्या जागी आपण असतो तर इंद्राला एवढंच म्हणालो असतो, "आधी त्याला बांधा, मग मी रथात बसतो."

आणि या भीतीतच खरी गंमत आहे. तुरिड रुगास नावाच्या नॉर्वेच्या एक श्वानप्रशिक्षक आहेत. कुत्री एकमेकांना 'मला भांडण नको' हे कसं सांगतात, याच्या खुणा त्यांनी टिपून ठेवल्या. नजर वळवायची, अंग तिरकं करायचं, हालचाल संथ ठेवायची, जांभई द्यायची, मधेच गोठल्यासारखं उभं राहायचं. म्हणजे जावईबापू दिवसभर जे करतात तेच. याउलट घरी येणारा श्वानप्रेमी पाहुणा थेट समोरून धावत येतो, डोळ्यांत डोळे घालतो, वरून वाकून गळ्याला मिठी मारतो आणि चिरक्या आवाजात "कोण गं बाई शहाणं?" विचारतो. हे आपल्याशी भर रस्त्यात अनोळखी माणसाने केलं, तर आपण पोलीस बोलावू. जावईबापूंचा भित्रेपणा सिंबाच्या हिशेबात खानदानी शिष्टाचार ठरला. साऱ्या घरात एकच माणूस रीतभात जाणतो, असं त्याचं मत झालं आणि तो त्यांच्या पायाशी मुक्कामाला आला.

आता बायको गावाला गेली की फिरवायचं काम यांच्याकडे. रात्री साडेदहाला कोपऱ्यावरची गावठी मंडळी गुरगुरत उठतात. जावईबापू चपळाईने सिंबाच्या मागे जातात. सिंबा त्याहून चपळाईने त्यांच्या मागे. पट्टा दोघांच्या पायांत गुंडाळत ही प्रदक्षिणा दोन-तीनदा होते. गावठी मंडळी थोडा वेळ बघतात, मग कंटाळून परत कचराकुंडीशी जाऊन झोपतात. वॉचमन येऊन गाठ सोडवतो.

भीती गेली का, असं विचारलंत तर गेलेली नाही. यादीतलं एक नाव तेवढं जरा खाली सरकलं. लिफ्टमध्ये समोरच्या फ्लॅटमधलं पॉमेरेनियन शिरलं की जावईबापू आजही सहा मजले जिन्याने चढतात. सिंबा दमतो, पण त्यांच्याबरोबर चढतो.

दुखावली आहे ती बायको. "सहा वर्षं मी भरवलं, मी न्हाऊ घातलं, आजारपणात रात्र-रात्र जागले. आणि बसतो कुणाच्या पायाशी? तुझ्या! ज्याने साधा हातसुद्धा फिरवला नाही त्याच्या!" ती खरोखर रडवेली होते. यावर जावईबापू पाय अजून वितभर वर उचलून अगदी कळवळून म्हणतात, "अगं, मग ने ना त्याला तिकडे!"